खरं ठरल्यानंतर

अर्जुनी मोरगावात अल्का शहारे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिला सगळे सिस्टरच म्हणत. नवरा ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा तिचा मुलगा लोकेश दुसरीत होता. तिनं माहेरचा रस्ता धरला नाही. नर्सिंगचा अर्धवट राहिलेला कोर्स पुरा केला आणि हेमेंद्र डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागली. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावांमधून बाया बाळंतपणाला तिथंच यायच्या. जन्मलेलं लेकरू आधी अल्काच्या हातात यायचं, मग आईच्या.

हेमेंद्र डॉक्टर चांगले डॉक्टर होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोरोनात बाकीच्यांनी शटर ओढली तेव्हा त्यांचा दवाखाना उघडा राहिला. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत साप चावलेला माणूस खाटेवर घालून आणला, तर ते जेवणाचं ताट सारून उठत. गरिबाकडे त्यांनी कधी तगादा लावला नाही. चौकातल्या प्रत्येक दुकानात त्यांचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं.

त्यांची बायको मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला राहायला गेली आणि त्यानंतर ते अल्काच्या जवळून जाताना उगाच खांद्यावर हात ठेवू लागले. मग पाठीवर. ती बाजूला सरकायची. नोकरी हवी होती, लोकेशचं आयटीआय चालू होतं. पुढे लोकेश तिरोड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला लागला, तरी तिचं सरकणं चालूच राहिलं. एका दुपारी ओपीडी संपल्यावर ती औषधांच्या खोलीत काचेच्या बाटल्या लावत असताना डॉक्टर आत आले. त्यांनी दार लावलं आणि तिला धरलं. तिनं जोर लावून त्यांना ढकललं. स्टीलचा ट्रे खाली पडला, बाटल्या फुटल्या. आवाजानं आया सुशिलाबाई धावत आली, दार ढकलून आत शिरली.

"सिस्टरला चक्कर आली," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

अल्काच्या एप्रनची वरची दोन बटणं तुटली होती. सुशिलाबाईनं ते पाहिलं. ती काचा गोळा करत राहिली. काम संपल्यावर बोअरिंगवर हात धुताना मात्र हळूच म्हणाली, "मोनालीसंगही असंच झालं होतं."

मोनाली ही तिथली तरुण नर्स. आदल्या वर्षी कुणाला न सांगता एका दिवसात काम सोडून गेली होती. अल्कानं तेव्हा तिला मनातल्या मनात बेजबाबदार म्हटलं होतं. आता तिला ती आठवली आणि रात्रभर आठवत राहिली. पुढे अल्का सांगायची की गोष्ट आपल्यापुरतीच असती तर तिनं दुसरी नोकरी पाहिली असती. मोनालीनंतर आपण, आणि आपल्यानंतर कुणीतरी, हे तिला गिळवेना.

ठाण्यात जमादारानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीनं घ्या म्हणाला. आसपासच्या एवढ्या गावांना रात्री-बेरात्री उठणारा हा एकच डॉक्टर आहे, हेही त्यानं सांगितलं. अशा तक्रारींसाठी गोंदियाला जिल्ह्याची समिती असते हे तिनं कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. ती पॅसेंजरनं गोंदियाला गेली आणि तक्रार देऊन आली. दवाखान्यात मग गेली नाही.

आठवडा झाला नसेल, बाजारभर झालं. तिला वाटलं होतं लोक चिडतील, कुणी शिव्या देईल. लोक हसले. किराणा दुकानात तिच्या पाठीमागे एक बाई दुसरीला म्हणाली, "हिच्या मागे लागल का डॉक्टर? आरसा तरी पाहायचा." अल्का तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, केस पिकलेले, बाळंतपणांत उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. तिनं साखर घेतली आणि घरी आली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं की आपण तरुण असतो तर आपणच त्याला नादी लावलं म्हटलं असतं, आणि आता खोटारडी म्हणताहेत. दोन्हीच्या मधलं वय बाईला नसतंच.

मग मोबाइलवर डॉक्टरांचा फोटो फिरू लागला. खाली लिहिलेलं, 'आम्ही देवमाणसासोबत'. दुसऱ्या बाजूनं एक पुढारी गाडी घेऊन तिच्या घरी आला. याला जातीचं प्रकरण करू, मोठा मोर्चा काढू, फोटोग्राफर बाहेरच उभा आहे, असं म्हणाला. डॉक्टर जातीवरून कधी काही बोलले नव्हते आणि जे झालं नाही ते ती सांगणार नव्हती. तिनं नाही म्हटलं. पुढारी परत आला नाही. विहारातल्या बाया वंदनेला बोलवत राहिल्या, पण तिच्याजवळची चटई रिकामी राहू लागली.

मोर्चा निघालाच, डॉक्टरांच्या बाजूनं. दवाखान्यापासून तहसीलपर्यंत. वाट तिच्या घरावरून होती. ती दार लावून बसू शकली असती, पण ती उंबऱ्यात उभी राहिली. बाया पुढे होत्या. तिनं एकेकीला ओळखलं. हिला चौदा तास कळा होत्या, हिचं लेकरू रडतच नव्हतं, हिच्या सासूनं मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं तेव्हा आपण तिच्यासाठी चहा आणला होता. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. एका बाईच्या कडेवरची पोर तेवढी तिला पाहून हसली आणि बाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं.

संध्याकाळी शेजारचे केशोराव आले. त्यांच्या बायकोला मण्यार चावली होती, डॉक्टरांनी तिला मरणातून ओढून काढलं होतं. ते टोपी हातात घेऊन बसले.

"सिस्टर, तुमी खोटं बोलून राहिल्या असं मी नाही म्हणत," ते म्हणाले. "झालं असल. माणूसच आहे तो. पण उद्या तो नागपूरले निघून गेला त आमी कोठी जावं?"

"मी त्याले जा म्हटलं नाही, भाऊ."

"मंग काऊन करून राहिल्या हे सारं?"

तिनं सांगून पाहिलं. मोनालीचं नाव न घेता तिच्याबद्दलही सांगितलं. केशोराव मान हलवत राहिले आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले, तक्रार मागे घ्या. आपल्याला खोटी समजणाऱ्यांचा तिला इतका त्रास झाला नव्हता. हा माणूस खरं मानत होता आणि तरी गप्प बसा म्हणत होता.

लोकेशला तिरोड्यात तो फोटो मिळालाच होता. त्याचा फोन आला. "आई, खरंच झालं का असं?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. ड्युटी आहे, म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर दिवाळीलाही तो आला नाही.

चौकशी चार महिने चालली. मोनालीनं फोन उचलला आणि म्हणाली, "ताई, माझं लग्न झालं आता. हा नंबर काढून टाका." पण सुशिलाबाई गोंदियाला आली. गाडीत ती अल्कापासून दूर, दुसऱ्या डब्यात बसली. समितीपुढे मात्र तिनं बंद दार, फुटलेल्या बाटल्या आणि तुटलेली बटणं, जे पाहिलं तेवढं सांगितलं.

समितीनं निकाल दिला. तक्रार खरी ठरली. डॉक्टरांनी लेखी माफी मागावी आणि अल्काला भरपाई द्यावी असं ठरलं. ती घरी आली ती काहीशी हलकी होऊन. आता लोकांना कळेल, असं तिला वाटलं.

लोकांना एवढंच कळलं की तिला पैसे मिळाले. "पाहा, पैशासाठीच केलं सारं," असं पानठेल्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत बोललं जाऊ लागलं. माफीचा कागद तिच्याकडे होता, पण तो कुणी पाहायला मागितला नाही. सुशिलाबाईला दवाखान्यातून काढलं. अल्का तिच्या घरी गेली तर तिनं दारातूनच सांगितलं, "माह्या घरी नको येत जाऊ आता." त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. सव्वीस जानेवारीला पटांगणावर डॉक्टरांना शाल-श्रीफळ देण्यात आलं. साथीत केलेल्या सेवेबद्दल, असं माइकवरून सांगितलं गेलं.

अर्जुनीत तिला कुणी काम दिलं नाही. ती आता गोंदियाला एका छोट्या प्रसूतिगृहात जाते, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येते.

यंदा उन्हाळ्यात लोकेशसाठी सडक अर्जुनीकडचं एक स्थळ आलं. तो दीड वर्षानं घरी आला. त्यानं स्वतः भिंतीला चुना मारला, नवी चादर आणली. पाहुणे बसले, पोहे झाले, मुलीचा फोटो दाखवून झाला. मग मुलीचे वडील उदाराम चाचरत म्हणाले की डॉक्टरचं काहीतरी ऐकलं होतं.

"तो गैरसमज होता," लोकेश लगेच म्हणाला. "मिटला तो."

अल्का चहा देत होती. तिनं उदारामजींच्या हातात कप दिला.

"गैरसमज नव्हता," ती म्हणाली. "झालं ते खरं आहे. गोंदियात खरं ठरलं."

उदारामजी "बरं" म्हणाले. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, नमस्कार केला, कळवतो म्हणाले. त्यांनी काही कळवलं नाही.

लोकेश त्याच संध्याकाळी परत निघाला. जेवला, ताट धुऊन ठेवलं, बॅग भरली. दाराशी थांबला.

"एक दिवस नसती बोलली त काय झालं असतं?"

तिनं त्याच्या बॅगेत पोळ्यांचा डबा घातला. "पोचल्यावर फोन कर," म्हणाली.

त्यानं केला. पोचलो, एवढंच म्हणाला. ती फोन कानाला तसाच धरून बसली. त्यानंही लगेच ठेवला नाही. पलीकडून खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला, आणि मग फोन बंद झाला.