फरशी तापली आहे का

दाना ओली मोहल्ल्यातल्या विजयाबाईंना आपल्या पायांचा भारी अभिमान. अधिक ज्येष्ठातली ग्वाल्हेरची दुपार. देवळाच्या फरशीवर बाकीच्या बायका फुटाण्यासारख्या उडायच्या आणि विजयाबाई मात्र संथपणे प्रदक्षिणा घालायच्या. "भक्ती बघा," असं मागून ऐकू आलं की ऐकलंच नाही असं दाखवून त्या आणखी हळू चालायच्या.

देवाने पाय राखले, अशी त्यांची समजूत. खरं तर मधुमेहाने पाय बधिर झाले होते. हे कळलं ते सून गरिमाला पायपुसण्यावर रक्त दिसलं तेव्हा. तळवा पोळून जोडव्याच्या बोटाखाली मोठी जखम झाली होती.

"भरली नाही तर हे बोट काढावं लागेल," डॉक्टर निधी म्हणाली.

"जोडव्याचं?" विजयाबाईंनी दाराकडे पाहिलं. यजमान गोविंदराव बाहेर धडधाकट पेपर वाचत बसले होते, तरी त्यांचीच काळजी वाटली.

निधीने उपाय सांगितला. जखमेवर कृत्रिम त्वचेचा पातळ पापुद्रा बसवायचा. त्यात वाढीचे घटक असतात. ते आजूबाजूच्या पेशींना बोलावतात, वाढायला लावतात. नवी कातडी धरते.

"कशाचा असतो तो?"

"माशाच्या कातडीतल्या प्रथिनाचा."

जन्मात अंड्याला हात न लावलेल्या विजयाबाईंनी पाय मागे ओढून घेतला.

"आई, दवा है, चलता है," गरिमा म्हणाली.

"विटाळाचं नाही गं. मत्स्य म्हणजे विष्णूचा अवतार. पुरुषोत्तमाचा महिना, आणि मी त्यालाच पायाखाली घालू?"

"मग पाय वर ठेवा," निधी म्हणाली. "तसंही चालायचं नाहीच आहे."

पाय लोडावर चढले. देवघराकडे पाय नकोत म्हणून खाट फिरवली, तर ते नेमके गोविंदरावांच्या खुर्चीकडे आले. "रोज दर्शन होतंय," ते म्हणाले.

पुढे एकदा निधीने घरी येऊन पट्टी उघडली तर पापुद्रा गायब. "गरिमा, खाटेखाली बघ गं, पडला असेल," म्हणेपर्यंत निधी हसली. तो विरघळला होता. खाली गुलाबी कातडी धरली होती. बोट वाचलं. गरिमाने जोडवं चढवलं, ते मात्र विजयाबाईंना वाकून बघावं लागलं.

"कातडी आली, जाणीव येईलच असं नाही," निधी म्हणाली. "मोजे घाला, आणि पाय टाकण्याआधी फरशी हाताने बघा."

आश्विनातल्या उन्हात विजयाबाई पुन्हा देवळात गेल्या. मोजे घालून पहिल्या फरशीपाशी वाकल्या, तळहात टेकवला.

"आता फरशीलाही नमस्कार. भक्ती बघा," शेजारच्या लीलाताई म्हणाल्या आणि स्वतःही वाकल्या.

गप्प राहिलं असतं तरी निभलं असतं. तसा मोह झालाच होता.

"नमस्कार नाही हो," विजयाबाई म्हणाल्या. "तवा तापलाय का बघतेय. माझ्या पायांना कळत नाही. तुम्हाला कळतंय ना, मग खुशाल उड्या मारा."

आणि सावलीच्या कडेकडेने त्या प्रदक्षिणेला लागल्या.