सव्वा तासाची बॅटरी, दोन तासांचं लेक्चर

शिकवणीच्या क्लासमध्ये पंधरा वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. जुन्या प्रश्नपत्रिका आणि किस्से. प्रश्नपत्रिका रद्दीवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, मग चार माणसांत बसलं की ते असे बाहेर पडतात!

मी लातूरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायची. मुरुडहून रोज एसटीनं यायचं, पेपर टाइप करायचे आणि कुणाच्याही लॅपटॉपला शिंक आली की औषध द्यायचं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. भूकंपानंतर जन्मलेली पोरं बारावीला आली होती आणि प्रत्येक घराला एक डॉक्टर हवाच होता. वीज मात्र दिवसाचे सहा-सहा तास गायब!

आमच्या क्लासचे मालक बिरादार सर. त्यांनी नांदेडला शाखा काढायचं ठरवलं. केमिस्ट्रीचे शेख सर मूळ नांदेडचे. घरी म्हातारी आई एकटी, त्यामुळे दर रविवारी त्यांची लातूर-नांदेड वारी ठरलेली. ही शाखा आपल्याला मिळावी म्हणून ते झुरत होते.

बिरादार सरांनी अट घातली. "पहिल्या रविवारी पालकांपुढं दोन तासांचं डेमो लेक्चर. तिथं नेमकी दुपारी लाइट जाते. इन्व्हर्टर जुना हाय, प्रोजेक्टर आन् चार पंखे, बस. पाचवं काही लावलं की आचके देतो. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालला तर शाखा तुमची. मधीच बंद पडला तर दुसरा माणूस बघतो. लोकांपुढं माझी लाज न्हाई घालवायची!"

शेख सरांची बॅटरी सव्वा तास चालायची. नवी मागवली होती. ती "येऊन राहिली" होती, तीन महिने!

* * *

स्टाफरूममधल्या प्रत्येकानं सल्ला दिला. पहिला जोशी सरांचा. हे गणिताचे.

"बॅटरी वापरली की झिजते," ते म्हणाले. "मी माझी कधी झिजू देत नाही."

दुसऱ्याच दिवशी भर वर्गात लाइट गेली आणि जोशी सरांचा लॅपटॉप जागच्या जागी बंद. मी पळत गेले. उलटा करून बघते तर खाली चौकोनी खड्डा. बॅटरीच नाही!

"सर, बॅटरी कुठंय?"

"घरी, कपाटात. रुमालात गुंडाळून ठेवलीये. इतकी नाजूक वस्तू रोज एवढ्या पोरांत कशाला आणायची?"

* * *

खुद्द बिरादार सरांचा लॅपटॉप कधी चार्जरवरून निघत नसे. दिवसरात्र पिन खोचलेली. मी दहादा सांगितलं, "सर, सारखं शंभर टक्क्यांवर ठेवू नका, उन्हात खिडकीत ठेवू नका, बॅटरी लवकर मरते." ते म्हणायचे, "भरलेली घागर कधी वाईट असती का ताई?"

एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहऱ्यावर कौतुक. "बघा, बघा. आणला तवा कसा चपटा होता!"

मी बघितलं. खालून बॅटरी फुगली होती, माउसची पट्टी वर उचलली गेली होती, लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता.

"सर, हात लावू नका! फुगलीये ती!"

"फुगली कशाला म्हणता? आपल्याकडं आल्यापास्नं बाळसं धरलंय त्यानं!"

ते बाळ मी वायर काढून, दोन्ही हातांवर धरून, मागच्या अंगणात वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवलं. सर दारातून बघत होते. खरं सांगते, मलाच वाईट वाटलं.

* * *

शेख सर मात्र माझं सगळं ऐकायचे, आणि जरा जास्तच ऐकायचे. मी म्हटलं, पडद्याचा उजेड कमी ठेवा, सगळ्यात जास्त तोच खातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सर रडवेले होऊन दारात उभे.

"ताई, गेला. रात्रीपासून चालूच होत नाही. आता अम्मीला काय सांगू?"

मी लॅपटॉप कानाला लावला. पंखा चालू. खिडकीतल्या उन्हात तिरपा धरला तर आत अंधारात त्यांची स्लाइड व्यवस्थित बसलेली!

"सर, हा बंद नाही. तुम्ही उजेड शून्यावर नेलाय."

"मग कालपासून मी आठ वेळा बटण दाबलं ते?"

"आठ वेळा तुम्ही त्याला उठवलं आणि झोपवलं."

सरांनी उजेड वाढवून बॅटरीचा आकडा बघितला. मग म्हणाले, "तरीच बॅटरी उरली नाही!"

* * *

खरं काम केलं ते बायोलॉजीच्या वाघमारे मॅडमनी. रेणापूरच्या, बोलायला कडक. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि त्यांनी मुलीला खडू अर्धा तोडून वापरायला शिकवलेलं. वाया जाणारी वस्तू बघितली की मॅडमना चैन पडत नसे.

त्यांनी शेख सरांची स्लाइड उघडली. अणूभोवती इलेक्ट्रॉन गरागरा फिरत होते. कोपऱ्यात एक परीक्षानळी फसफसत होती. मागं संथ संगीत.

"शेख सर, हे लेक्चर आहे का उरूस?"

"मॅडम, पोरांना आवडतं."

"पोरांना सुट्टीपण आवडते. थांबवा हे. इलेक्ट्रॉन दोन तास एका जागी बसले म्हणून काही बिघडत नाही!"

सगळं फिरणं थांबवलं. संगीत काढलं. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, मागं लपून बसलेले अकरा प्रोग्रॅम बंद. मी घड्याळ लावून बसले. एक तास पन्नास मिनिटं! शेख सरांनी आनंदानं सगळ्या स्टाफला चहा पाजला. दहा मिनिटं अजून कमी पडत होती.

* * *

ती दहा मिनिटं काढायला मी एक सेटिंग केलं. सर फळ्याकडे वळले आणि दीड मिनिट कशाला हात लागला नाही की लॅपटॉप डुलकी घेणार. शेख सर एका स्लाइडवर दहा दहा मिनिटं बोलणारे गृहस्थ. स्लाइड चालू असताना तो झोपू नये म्हणून त्यांना अधूनमधून बोटानं माउसची पट्टी टकटक करायची सवय लावावी लागली. म्हटलं होतं मिनिटाला एकदा. सर करायचे सेकंदाला एकदा.

हळूहळू लॅपटॉप नसतानाही बोट उडायला लागलं. फळ्यावर, टेबलावर, चहाच्या कपावर. माहूरचे एक पालक होते, त्यांचं मंदिराजवळ नारळ-प्रसादाचं दुकान. पोराला भेटायला आले आणि सरांचा हात बघून त्यांचे डोळे भरून आले.

"सर, लई कष्ट घेतले तुम्ही आमच्या लेकरासाठी. शिरा ताणल्या हो तुमच्या. मी रेणुकामातेला नवस बोलून राहिलो, सरांचं बोट थांबू दे म्हणून."

शेख सर हात जोडून म्हणाले, "भाऊ, बोट राहू द्या. बोलायचंच असेल तर बॅटरीसाठी दहा मिनिटं मागा!"

* * *

आणि मग तो नांदेडचा रविवार.

शेख सर, बिरादार सर आणि मी, तिघं गेलो. पहिल्या मजल्यावरचा नवा हॉल, चाळीसेक पालक, पुढच्या खुर्चीवर शेख सरांच्या अम्मी. हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा बिरादार सरांच्या खिशात खुळखुळत होता. बरोबर दोनला लाइट गेली. सरांनी सुरुवात केली.

काय शिकवलं त्या माणसानं! इलेक्ट्रॉन एका जागी, बोट टकटक, आवाज खणखणीत. दीड तास झाला तेव्हा बॅटरीत अठ्ठावीस टक्के होते. मी मागं बसून आकडेमोड करत होते. जमत होतं. काठावर, पण जमत होतं.

तेवढ्यात जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. खुर्च्या हलल्या. पंखे झुलले.

दोन मिनिटांत सगळे खाली मैदानात. शेख सर शेवटी आले. एका हातात उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हातात अम्मी. "आराम से, अम्मी, आराम से," चाललं होतं. कुणाला काही झालं नव्हतं. भिंतीला तडासुद्धा नाही. पाच-दहा मिनिटांनी लोक हसायला लागले, "चला सर, वर चला," म्हणायला लागले.

बिरादार सर लिंबाच्या झाडाला टेकून उभे होते. ते निलंग्याकडचे, भूकंपाच्या पट्ट्यातले. त्र्याण्णवच्या त्या पहाटे त्यांच्या घरातली दोन माणसं गेली, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. ते स्वतः कधी बोलले नव्हते. आता वर जायला त्यांचे पाय उचलत नव्हते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते उगाच मोबाइलकडे बघत होते.

शेख सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग मोठ्यांदा म्हणाले, "वर फार उकडतंय. इथंच बसू या सगळे!"

लोक सावलीत बसले. लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. एवढासा पडदा, दुपारचं ऊन, कुणाला काहीएक दिसत नव्हतं. तरी सर बोलत राहिले.

बिरादार सर हळूच शेख सरांजवळ आले. "किती राहिलीय?"

"एकोणीस टक्के, सर."

"मग चालू द्या," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "ती संपेस्तोवर मला वर चला म्हणू नका."

शेख सरांनी लॅपटॉपचं झाकण लावलं. आणि तोंडी शिकवायला लागले.

चार वाजले, साडेचार झाले. लाइट आली, वरच्या हॉलमधले दिवे लागल्याचं खिडकीतून दिसत होतं. एकही पालक उठला नाही. ऊन उतरलं तेव्हा बिरादार सरांनी घसा खाकरून पुन्हा विचारलं, "आता किती राहिली, सर?"

"एकोणीसच."

बिरादार सरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या बंद झाकणावर ठेवला.

अम्मींनी तो उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.