चढ वाईट हाय

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. लिहायची सवय नाही, तेव्हा हे धाडस माफ करा.

रत्नागिरीत आमच्या चाळीकडे येणारा चढ एक मासळीवाली मावशी रोज पाटी डोक्यावर घेऊन चढायची. वळणावर थांबायची, एक हात कमरेवर, छाती भात्यासारखी वरखाली. पाटी मात्र उतरवायची नाही. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय पाटी जमिनीला लावायची नाही, हा तिचा नेम.

मी नर्सिंग शिकतो. एकदा धीर करून म्हणालो, "मावशी, याला डिस्प्निया म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. 'डिस' म्हणजे वाईट, कठीण, आपल्या 'दुर्'सारखं; पुढचा भाग म्हणजे श्वास. डॉक्टरला दाखवा. हे काम आता सोडायला हवं."

"वाईट श्वास?" ती हसता हसता खोकली. "माझा श्वास बरा हाय रे बाबू. चढ वाईट हाय. त्याला ठेव तुझं नाव! आणि काम सोडून काय करू, सुनेच्या तोंडाकडं बघत बसू?"

पुढे मी ट्रेनिंगला चिपळूणला गेलो. ती येईनाशी झाल्याचं आईकडून कळलं. मी वाईटच धरून चाललो.

काल आईचा फोन आला. डॉक्टरने मावशीला चढ बंद केलाय. म्हणून ती आता चढाच्या पायथ्याशी पाटी मांडून बसते आणि सगळी चाळ मासळीसाठी खाली उतरते. आई नुकतीच बांगडे घेऊन वर आली होती. हे सांगताना तिलाच धाप लागली होती.