सात दिवसांचा पास

केजच्या स्टँडवर मी कंट्रोलर होतो तवाची गोष्ट. दोन हजार तीनचा दुष्काळ. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचं धुराडं त्या साली पेटलंच न्हाई. ऊसच नव्हता तर पेटणार काय, कपाळ? आश्रुबा तिथं पॅनमन होता, म्हणजे रस आटवून साखर धरणारा. काचेवर थेंब घेऊन बोटानं चोळायचा आन दाणा धरला का न्हाई ते सांगायचा. असला हुन्नरी गडी घरी बसला.

त्याच्या आईबापाची हयात ऊसतोडीत गेलती, म्हणून कोयत्याचा त्याला लई धसका. दसऱ्यापर्यंत काम न्हाई मिळालं तर त्यानं आन बायकोनं, छबुबाईनं, तोडीला जाणं भाग होतं. मग शिवकन्या कुठं ठेवायची? पोरगी पंधरा वर्षांची, दहावीत. वयात आलेली पोर आमच्याकडं एकटी घरी ठेवत न्हाईत, उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत नेत न्हाईत, उजवून टाकतेत. स्थळबी दारात उभं होतं, तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा पुतण्या. तोडीच्या हिशोबात एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, नवराबायकोची जोडी झाली की पुरा. त्याला बायको कशाला पाहिजे होती? कोयता पुरा करायचा होता, मेल्याला.

तर दसरा तोंडावर आला तवा आश्रुबा पास काढायला आला. एकदा काढला की एसटीनं आवडेल तिथं फिरा. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, जिथं धुराडं दिसंल तिथं काम मागायचं होतं. चार दिवसांचा घ्यावा का सात दिवसांचा, यावर अर्धा दिवस बाकड्यावर बसून राहिला. घरी सांगून आलता, चौथ्या सांजंपर्यंत मी आलो न्हाई तर काम मिळालं न्हाई समज आन स्थळाला हो म्हण. मोकळ्या हातानं पोरीसमोर जायची त्याला हिंमत नव्हती.

मलाच शहाणपण सुचलं. म्हणलं, चार दिवस जाण्यायेण्यातच जातेत बे, थोडं जास्त टाक आन सात दिवसांचा घे, वसूल होईल.

"मग छबूला निरोप धाडा, आप्पा," तो म्हणला. "सात दिवस थांब म्हणावं."

तुझ्या गावच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला सांगतो, तू निवांत जा, असं मी छातीठोक बोललो. त्या सांजंला तोडीला जाणाऱ्या माणसांनी स्टँड फुलून गेलता. एका ड्रायव्हरशी माझं वाजलं, तेवढ्यात मुक्कामी गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशीबी ध्यानात आलं न्हाई. तिसऱ्याबी. आग लागो माझ्या डोक्याला.

सहाव्या दिवशी तोच कंडक्टर सहज बोलला, की आश्रुबाच्या पोरीला काल हळद लागली, लगीनबी कालच उरकलं, आज सकाळी मुकादमाच्या ट्रकात बसून तोडीला गेली.

सातव्या दिवशी दुपारी आश्रुबा उतरला. कपडे मळलेले, दाढी वाढलेली, पण तोंडावर हसू. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यानं त्याचा हात पाहून ठेवून घेतलंतं. खोली देणार होते. खोलीपासून शाळा जवळ, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

"पास वसूल झाला, आप्पा. तुमचं ऐकलं ते बरं झालं."

गावची गाडी लागली होती. मी त्याला खिडकीजवळ जागा करून दिली, आन याही वेळी काहीच सांगितलं न्हाई.