सड्यात गेलेली चुन्याची रेघ

लग्न होऊन वाशीमला आले तेव्हा मी मेडशीची, विहिरीचं पाणी शेंदून मोठी झालेली पोर. सासरे नगरपालिकेत नळफिटर. आमच्या गल्लीत विजेचे खांब रोवायचे होते. जमिनीखालचा नळ फुटू नये म्हणून आदल्या दिवशी सासऱ्यांनी तो कुठून जातो ते दाखवणारी चुन्याची रेघ रस्त्यावर ओढली होती.

हे मला कुणी सांगितलंच नाही. सकाळी मी दार झाडून शेणाचा सडा टाकला. नव्या सुनेची हौस दांडगी! आपल्या दारापुरतं थांबायचं सोडून शेजारच्या दोन घरांपर्यंत रस्ता हिरवागार केला. रेघ सगळी त्याखाली गेली. सासूबाईंनी बाहेर येऊन कपाळावर हात मारला.

तेवढ्यात टिकास घेऊन मजूर हजर, मागे ओव्हरसियर. महिन्यापूर्वीच एक नळ फुटला होता. पुन्हा फुटला तर घरी बसवीन, असं त्यानं सासऱ्यांना बजावलं होतं. मी दाराआड रडायला लागले.

"काहून रडून राह्यली, बाई? ये इकडं," सासरे म्हणाले. त्यांनी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, जमिनीत रोवली. सासूबाई अंगणातल्या नळावर वरवंट्यानं ठोकू लागल्या. "माह्या कानात दडे बसले. तू सब्बलीले कान लाव. जिथं ठोका मोठा वाजन, तिथं खाली नळ. सांग मले."

भर गल्लीत, डोक्यावरचा पदर सावरत मी गुडघ्यांवर बसले. ओव्हरसियर म्हणाला, "सुनेले कायले बसवता?"

"शिकवून राह्यलो, सायेब!"

सब्बल हातहात सरकत गेली. सगळीकडे अंधूक ठकठक. मग एका जागी ती अशी कानात घुसली, की मी दचकून ओरडले, "इथं हाय!" मजूर हसायला लागले, कारण काल रेघ टाळून खांबाचा खड्डा नेमका तिथंच ठरला होता. त्यांनी हलक्या हातानं उकरलं. हातभर खाली काळा नळ दिसला आणि त्यांचं हसू थांबलं. खांब पलीकडे सरकवला.

मी आनंदानं नुसती फुलले होते. सासरे मात्र घरात येऊन गपकन खाली बसले. हळूच म्हणाले, "बाई, मले साल झालं नीट ऐकू येत नाई. कालची रेघ म्या अंदाजानं ओढली व्हती. चांगली दोन हात चुकली. तुवा पुसली म्हनून वाचलो."