धाकूअण्णांचं ‘व्हय’

बातमी आली तेव्हा मी काउंटरवर बिलच करत होते. जोयड्याकडून आलेला जीपवाला पायरीवरूनच म्हणाला, “बाई, धाकूअण्णा गेलं. झऱ्यावरनं आलं, अंगणात बसलं, ते बसलंच...” समोरच्या गिऱ्हाइकाला मी उरलेलं बिल वाचून दाखवलं, पैसे घेतले, सुटे दिले. मग मागे गोदामात जाऊन रडले. नात्यागोत्याचं माणूस नव्हतं, त्यामुळे सुट्टी कुठल्या तोंडानं मागणार? आज तीन-चार आठवडे झाले, तरी जीप थांबली की मान आपोआप वर होते.

रामनगरच्या या हार्डवेअरच्या दुकानात मी नवरा गेल्यावर लागले. लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. धाकूअण्णा डोंगरातल्या आपल्या वाडीसाठी पाइप न्यायला आले होते. झऱ्याचं पाणी दारात आणायचं म्हणून घराघरातून वर्गणी काढलेली. इतर सामानही बरंच होतं. मालकांनी गोदामातून कानडीत हाक दिली, “हदिनैदु!” म्हणजे पंधरा. दारात जीप घरघरत होती. तिच्या आवाजात ‘हदिन’ बुडालं आणि माझ्या कानी आलं नुसतं ‘ऐदु’, म्हणजे पाच. मी पाच लिहिले, गाडीत पंधरा चढले.

दोन दिवसांनी माल मोजला तर दहा पाइप कमी. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही तोंड सोडलं असतं, त्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही. ते शांतपणे म्हणाले, “हिशेब लागला नाही तर शनिवारपासून येऊ नका.” भाड्याच्या खोलीवर आले आणि चूल न पेटवताच बसून राहिले. नोकरी गेली तर खानापूरला भावाकडे, भावजयीच्या मर्जीवर... आणि वर चोर म्हणून. माझ्या बाजूनं बोलणारं गावात एक माणूस नव्हतं.

शुक्रवारी धाकूअण्णा आले. “बाय, बिल चुकलंय तुमचं.” आधीच पेटलेली मी फाडकन म्हणाले, “जास्त लागलं असेल तर मालकांना सांगा!”

“जास्त न्हाई, कमी लागलंय. पायपा पंधरा हायत, पैसं पाचाचंच घेतलंय.”

वर्गणीतले पैसे उरले तेव्हा वाडीत चर्चा झाली होती. एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो, असं काहींचं म्हणणं. अण्णा उरलेले पैसे पुढे ठेवत मालकांना म्हणाले, “त्या पायपातनं पोरंबाळं पानी पिनार. घशाखाली कसं उतरंल?” मालकांनी चहा मागवला. माझी माफी काही मागितली नाही, फक्त “उद्या वेळेवर या” म्हणाले. जाताना अण्णा काउंटरशी थांबले. “बाय, ह्याच्या फुडं बिल मोठ्यानं वाच. मी व्हय म्हणीन. मग चुकायचं न्हाई.”

तेव्हापासून तो रिवाजच पडला. “खिळे, पाव किलो.” “व्हय.” “सुतळी, एक बंडल.” “व्हय.” मान किंचित हलवून, देवळात गाऱ्हाणं चालू असताना लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात तसं. एकदा मी थट्टेनं मध्येच घुसवलं, “शहाणपण, अर्धा किलो.” “न्हाई,” अण्णा गंभीरपणे म्हणाले, “त्ये घरचं हाय.” दिवसभर शंभर माणसं माझ्याशी भावावरून हुज्जत घालायची. खोलीवर गेलं की भिंती. माझ्या शब्दाला ‘व्हय’ म्हणणारं माणूस एवढं एकच होतं, हे ते असताना मला कळलं नाही.

आता बिल छापून निघतं. मालकांचा मुलगा विचारतो, “बाई, वाचता कशाला?” मी वाचतेच. प्रत्येक जिनसेनंतर थांबते. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये बघत असतं.

काल दुकान बंद करताना खोलीसाठी एक बल्ब घेतला. माझं बिल मीच केलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, “बल्ब, एक...” आणि थांबले. बाहेर जीप घरघरत होती. वाटलं, तिच्या आवाजात ‘व्हय’ बुडालं असेल.