येडगावच्या बांबूच्या छपरावर

कळंब मागे पडलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "नारायणगाव आलं की सांगतो, झोपा जरा." मला झोप कुठली! चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून निघून दोन दिवस झाले होते. सातवीत शाळा सोडलेली, चटया-टोपल्या विणणारी मी बाई, एवढ्या लांब एकटी पहिल्यांदाच आले होते. येडगावला पोरींच्या खो-खोसाठी मातीच्या भिंतींचा आणि बांबूच्या छपराचा हॉल उभा राहत होता. रोहिदास मिस्त्री फोनवर म्हणाले होते, "बांबू बांधायचं काम हाय." मी आनंदाने हो म्हटलं. बांबू मी जमिनीवर बसून बांधते ना.

जागेवर पोचले, मान वर केली आणि दोन पावलं मागे सरले. बांबूच्या सात कमानी, दोन मजली घराएवढ्या उंच. सगळ्या गाठी बाकी होत्या त्या वर, माथ्यावर.

"भिंती माज्या," मिस्त्री म्हणाले. "पर काथ्याची ही गाठ आमच्यात कुनाला येत न्हाई. मी सांधा दाबून धरनार, तुमी वळायचं. वर जमंल ना, ताई?"

"जमेल जी."

तोंडातून निघून गेलं आणि मी फसले. बांबूकाम करणाऱ्या आमच्या बायांच्या गटातून बाहेरगावी कामाला पाठवलेली पहिली बाई मी. वर चढले नाही तर दुसऱ्या दिवशी परतायचं आणि मग पुन्हा कुणाला बोलावणं यायचं नाही.

राहायला मिस्त्रींच्याच घरी होते. त्यांच्या बायकोने, संगीतावहिनींनी, पहिल्याच संध्याकाळी मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी) आणि तिखट रस्सा वाढला. मला परकं वाटू नये म्हणून त्या स्वतः माझ्या ताटाशी बसल्या. उसाच्या कडेने जाताना त्या मोबाइलवर मोठ्याने गाणी लावत. "बिबट्या असतोय, आवाज ठिवायचा." मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे वाघ आहे. त्या रात्री मी जागी होते ती शिडीच्या विचाराने.

सकाळी हॉलमध्ये गेले. भिंती हातभर जाड, माती, चुना आणि गव्हाचं भुसकट तुडवून केलेल्या. बाहेर ऊन तापलं तरी आत माठाजवळ बसल्यासारखं गार. बरं वाटलं. दुपारी चारच्या सुमाराला मिस्त्रींनी शिडी लावली. पाचव्या पायरीवर माझे हात असे आवळले की सुटेनात. मिस्त्री मागून चढले आणि एकेक बोट सोडवत मला खाली आणलं.

"वाघाच्या गावच्या ताई, अन् शिडीला भ्यायल्या व्हय?" ते हसले, पण पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मान खाली घालून प्यायले.

हे पाहिलं कांचन मॅडमनी. खो-खो शिकवायला त्या रोज चारला येत. शेजारच्या मैदानात एक पोरगी खांबाला सूर मारायला घाबरत होती. मॅडमनी तिला घाबरू नको म्हटलंच नाही. खाली भुसकट पसरलं, खांबापुढे कमरेएवढी दोरी बांधली आणि म्हणाल्या, "दोरीला न लागता खालून खांब शिव." दोरी चुकवण्याच्या नादात पोरीने सूर कधी मारला, तिचं तिलाच कळलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्हीपण या. आधी पडायचं."

उकिडवं बसून कलंडायचं. मग गुडघाभर उंचीच्या बांबूवरून, मग कमरेएवढ्या. हात टेकायचे नाहीत, हनुवटी छातीशी, खांद्यावरून लोळण. पोरी खिदळत होत्या. "काकू, तुमी पोतं पडल्यावानी पडता."

"पोत्याला लागतं का गं?" मॅडम म्हणाल्या. "काकू, अश्शाच पडा."

मी विचारलं, वरून पडले तर याचा काय उपयोग? "वरून पडायचं नाहीच, कमरेला पट्टा असणार. पण पडणं माहीत नसलं की अंग लाकूड होतं. लाकूड झालेल्या माणसाला पाय नीट टेकवता येत नाही." चार दिवस मी पडत होते. चौथ्या दिवशी कमरेएवढ्या बांबूवर उभी राहून, वेढे मोठ्याने मोजत गाठ मारली.

पाचव्या दिवशी वर गेले. पट्टा अडकवला, समोर मिस्त्री. गावाजवळच्या धरणावरून वारा येत होता आणि कमान किंचित हलत होती. भिजवलेला काथ्या आवळत, वेढे मोजत चार गाठी झाल्या. पाचवीला पाय सटकला. पट्टा कमरेत रुतला, मी लोंबकळले. पण गुडघे आपोआप वाकले, हाताला बांबू लागला.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "ताई, उतरा. ऱ्हाऊ द्या, बोल्ट मारू."

मला उतरायचंच होतं. पण या बांबूला इथे भोक पाडलं तर तो उभा चिरणार, हे मला दिसत होतं. खाली पोरी खेळणार होत्या.

"बोल्ट नको जी. पाय टेकू द्या."

उरलेल्या तीन गाठी मारताना मी रडत होते. वेढे मात्र चुकले नाहीत. खाली येऊन पट्टा सोडला. मॅडमनी मला धरून भिंतीशी बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

नारायणगावच्या स्टँडवर मिस्त्री सोडायला आले. वहिनींनी वडीचा डबा दिला होता. "दिवाळीनंतर आने गावात अजून एक छप्पर हाय. येनार का, ताई?"

या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही. "मला उंचीची फार भीती वाटते, मिस्त्री. कामाआधी चार दिवस लागतील."

"कशाला?"

"पडायला."

त्यांनी मान हलवली. "बरं. भुसकट टाकून ठिवतो."

परतीच्या गाडीत, गटातल्या बायांना काय सांगायचं ते जुळवत होते. वर भीती वाटते, अजूनही आठवलं की तळपायाला घाम येतो. पण ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर ती पहिली रात्र मी एकटीने घाबरत काढली नसती. ती माणसं तशीच मदतीला आली असती, थोडी लवकर.